घरच्या घरी व्यायाम अंगवळणी कसा पाडायचा, आणि पोटाचे स्नायू नेमके करतात तरी काय?

पाऊलवाट

व्यायामाचा विषय निघाला की दोन प्रश्न फिरून फिरून येतात. पोट कमी करायला कुठला व्यायाम करू? आणि सुरू तर करते, पण टिकत नाही, काय करू? उत्तरं तुकड्यातुकड्यांत दिली जातात, म्हणून हा एकत्र धागा काढतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कंबर धरून आलेली माणसं रोज बघते. माझं मत असं झालंय की हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. पोटाच्या स्नायूंना आपण त्यांचं खरं काम देत नाही, दिसण्यासाठी राबवतो. दिसण्यात फरक पडायला वेळ लागतो, आणि तो बराचसा त्या व्यायामाच्या हातातही नसतो. मग नव्याचे नऊ दिवस सरले की सतरंजी गुंडाळून कपाटावर जाते.

आधी हे स्नायू स्वतःच्या हाताने शोधा. पाठीवर झोपा, जमिनीवरच, गादीवर नको. गुडघे वाकवून पावलं टेकवा. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाडाची टोकं लागतात, तिथून दोन बोटं आत आणि किंचित खाली बोटांची टोकं दाबून धरा. आता हळूच खोका. बोटांखाली एकदम ताठ झाले ते आतले थर. आता खोकणं थांबवा, ओठांचा चंबू करा आणि फू करत श्वास अगदी शेवटपर्यंत सोडा. शेवटी शेवटी तोच ताण सावकाश येतो, पोट मुद्दाम आत न ओढता. हा सावकाश येणारा ताण बोटांना ओळखता आला की पुढचे सगळे व्यायाम सोपे जातात. कुणी कितीही घाईत असलं तरी मी ही पायरी गाळू देत नाही.

आता थर. सगळ्यात पुढचा रेक्टस ॲबडोमिनिस. ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला जे हाड लागतं तिथून निघून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत आणि पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत जाणारे दोन उभे पट्टे. त्यांच्या मधोमध लिनिया अल्बा ही तंतूंची उभी रेघ, आणि आडव्या बहुधा तीन तंतुमय रेघा. 'सिक्स पॅक' म्हणून जे दिसतं ते या रेघांमुळे. आडव्या रेघा किती, सरळ की तिरक्या, हे जन्मतःच ठरलेलं असतं. कुणाचे चार दिसतात, कुणाचे आठ. कितीही मेहनत केली तरी ही संख्या बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं पोट बघून स्वतःला कमी लेखण्यात काहीच अर्थ नाही.

कडेला एक्स्टर्नल ऑब्लिक. खालच्या आठ बरगड्यांपासून सुरू होऊन तिरका खाली आणि पुढे येतो, खिशात हात घातल्यावर बोटं जातात त्या दिशेने. त्याच्याखाली इंटर्नल ऑब्लिक, ज्याचे तंतू साधारण काटकोनात उलट दिशेला जातात. डावीकडे वळताना उजवा बाहेरचा आणि डावा आतला एकत्र ओढतात. सगळ्यात आत ट्रान्सव्हर्स ॲबडोमिनिस. त्याचे तंतू आडवे, पाठीमागच्या जाड पडद्यापासून निघून कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यासारखे पुढे येतात. वरून श्वासपटल, खालून ओटीपोटाचा तळ, मागून मणक्यालगतचे छोटे स्नायू. या सगळ्यांनी मिळून पोटातला दाब धरून ठेवला की मणक्याला आधार मिळतो.

भरलेली बादली उजव्या हाताने उचला आणि डाव्या कडेला तळहात ठेवून बघा. डावी बाजू दगडासारखी लागेल. तुम्हाला उजवीकडे कलू न देण्याचं काम ती करत असते. दिवसभरात पोटाचे स्नायू बहुतांश हेच करतात: धड वाकू, वळू, कलू न देणं. मूल उचलताना, जड दार ढकलताना, जिना चढताना. व्यायामही त्याच जातीचा हवा, म्हणजे धरून ठेवण्याचा.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मणक्याच्या यांत्रिकीवर अनेक वर्षं काम केलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी यासाठी तीन व्यायामांचा संच रूढ केला. मी जवळजवळ प्रत्येकाला इथूनच सुरुवात करायला सांगते.

पहिला कर्ल-अप. पाठीवर झोपा, एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या नैसर्गिक पोकळीखाली ठेवा, ती पोकळी चेपू नका. डोकं, मान आणि खांदे एकसंध ठेवून जमिनीपासून जरासेच उचला. बाहेरून बघणाऱ्याला काही विशेष घडतंय असं वाटणारही नाही. आठ-दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा.

दुसरा साइड प्लँक. कोपरावर आणि सुरुवातीला गुडघ्यांवर, कंबर उचलून धरायची. दोन्ही बाजू करा.

तिसरा बर्ड-डॉग. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे, डावा पाय मागे. पाय कमरेच्या वर नेऊ नका, कंबर खाली लोंबू देऊ नका. मग बाजू बदला.

प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या आत सोडायचं आणि पुन्हा धरायचं. आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. अशी उतरती भाजणी ठेवली की दमल्यावर ढब बिघडत नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आत होतं.

सवयीबद्दल खाली प्रतिसादांत बोलू. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, पाय लुळा पडल्यासारखा वाटत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर यातलं काहीही करायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

रानफूल

फार छान धागा! खोकून बघितलं, खरंच लागतं हाताला. ताई, एक प्रश्न. खालच्या पोटासाठी पाय उचलायचे व्यायाम सांगतात. मी केले की पोटाऐवजी कंबरच भरून येते. माझं काही चुकतंय का?

पाऊलवाट

रानफूल, हा प्रश्न आठवड्यातून कितीदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वरचं पोट आणि खालचं पोट असे दोन वेगळे स्नायू नाहीत. रेक्टस वरपासून खालपर्यंत एकच आहे. काही हालचालींत एका भागावर जोर थोडा जास्त येतो, इतकाच फरक. दोन्ही पाय सरळ ठेवून उचलता तेव्हा पाय उचलणारा मुख्य स्नायू पोटाचा नसतोच. तो असतो इलिओसोआस. त्याचा सोआस हा भाग कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि ओटीपोटातून खाली उतरून मांडीच्या हाडाला आतून जोडला जातो. पायांचं वजन बरंच, तरफही लांब, त्यामुळे तो ताकद लावतो तेव्हा मणक्याला पुढे ओढतो. हे ओढणं थोपवणं हे पोटाच्या स्नायूंचं काम. ते कमी पडले की कमरेची कमान होते आणि सगळा भार तिथे जातो. तुमची कंबर भरून येते ती यामुळे.

त्याऐवजी डेड बग करा. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे कमरेच्या बरोबर वर, काटकोनात. हात छताकडे. श्वास सोडत एकच टाच सावकाश खाली आणून जमिनीला टेकवा, परत वर न्या. मग दुसरी. टाच खाली जाताना कंबर जमिनीपासून सुटायला लागली तर तिथेच थांबा, तुमची सध्याची हद्द ती. कंबर न सुटता टाच टेकायला लागली की पाय थोडा लांब करून टेकवा, आणि त्यानंतर विरुद्ध बाजूचा हातही डोक्यामागे न्या. सरळ पाय उचलणं या वाटेने हळूहळू येतंच.

तळटीप

सवयीच्या भागावर मी थोडी भर घालतो, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

२१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाला आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. व्यायामाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

प्रत्यक्ष मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करायची ठरवली, कुणी जेवणासोबत पाणी पिण्याची, कुणी व्यायामाची. ती न ठरवता आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा. पण माणसामाणसांतला फरक बघा: १८ पासून २५४ पर्यंत! आणि पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला.

मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. कित्येक जण एक दिवस बुडला की 'आता सगळंच गेलं' म्हणून सोडून देतात. त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. तीन आठवड्यांनी अजून कंटाळा येतोय म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनीही. तीन आठवड्यांत कंटाळा येणारच, अजून सवय लागलेलीच नाही.

सांजवारा

तळटीप यांना अनुमोदन. पण माझी अडचण वेगळी आहे. माझी नोकरी पाळ्यांची. कधी सकाळ, कधी रात्र. रोज सहाला उठून व्यायाम करा असं सांगणारे सल्ले मला लागूच पडत नाहीत. अशा माणसाने काय करावं?

मुक्तछंद

सांजवारा, मीही पाळ्यांमध्ये काम करतो, म्हणून लिहितो. घड्याळाचा नाद सोडा. वेळ बदलते, पण काही गोष्टी कुठल्याही पाळीत होतातच: झोपून उठणं, दात घासणं, आंघोळ. त्यातली एक पकडा आणि व्यायाम तिच्या आधी किंवा नंतर बांधून टाका. माझा आंघोळीच्या आधी असतो. घाम आला तरी लगेच आंघोळ आहेच. सतरंजी न्हाणीघराच्या दाराशी उभी करून ठेवतो, ती ओलांडल्याशिवाय आत जाताच येत नाही.

तळटीप

मुक्तछंद, हे एकदम बरोबर. मानसशास्त्रात यावर भरपूर काम झालंय. पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात 'जर अमुक झालं, तर मी तमुक करीन' अशा नेमक्या ठरावांचा अभ्यास केला. नुसतं 'मी व्यायाम करणार' म्हणणाऱ्यांपेक्षा 'दात घासून झाले की मी सतरंजी अंथरणार' असं ठरवणाऱ्यांच्या हातून ती गोष्ट घडण्याची शक्यता जास्त असते. ठरवायचं काम आधीच झालेलं असतं, ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

पाऊलवाट

यात माझी एक भर. सुरुवातीचं माप इतकं लहान ठेवा की आजारपण सोडून कुठल्याही दिवशी ते जमेल. मी लोकांना सांगते, पहिले दोन आठवडे रोज फक्त एक बर्ड-डॉग आणि एक कर्ल-अप. जास्त करावंसं वाटलं तर करा, पण त्या दिवसाचा हिशोब एकातच पूर्ण झाला असं समजा. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तासभर करणारे तिसऱ्या दिवशी अंग आखडून बसतात. न सरावलेल्या व्यायामाची दुखण एक ते तीन दिवस सगळ्यात जास्त असते, आणि नेमके त्याच दिवसांत सतरंजी नजरेला नकोशी होते.

दहा मिनिटांनी काय होणार, असंही पुष्कळांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगितलेत. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती त्यांनी काढून टाकली. तीन मिनिटं केलीत तर तीन मिनिटं जमा.

गवतफुला

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी गेली अनेक वर्षं रोज क्रंच करतोय, म्हणजे पाठीवर झोपून खांदे उचलत पोट आवळायचं, कंबर ठणठणीत आहे. हल्ली क्रंच म्हणजे जणू विषच असं बोललं जातं. प्लँक करणाऱ्यांना, म्हणजे कोपरांवर आणि पावलांवर अंग सरळ धरून ठेवणाऱ्यांना, क्रंच करणाऱ्यांबद्दल इतका राग का?

पाऊलवाट

गवतफुला, राग अजिबात नाही, आणि तुम्हाला त्रास नसेल तर बंद करा असंही मी म्हणणार नाही. पाठ वाकणं ही मणक्याची नैसर्गिक हालचाल आहे. वाकू द्यायचंच नाही असं ठरवलं तर बुटाची नाडी कशी बांधणार?

मी सावध करते ते दोन प्रकारच्या लोकांना. एक, ज्यांची कंबर पुढे वाकल्यावर दुखते. दुसरे, उठल्या उठल्या लगेच सिट-अप किंवा पायाला हात लावणारे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. त्या फुगलेल्या अवस्थेत खोल पुढे वाकलं की गादीवर आणि तिच्या बंधांवर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. हे जास्तीचं पाणी बरंचसं उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच कमी होतं. १९९८ मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात सकाळी लवकर पुढे वाकणं टाळल्याने दुखण्याचे दिवस कमी झाले होते. म्हणून सकाळीच करायचं असेल तर आधी थोडं चाला, घरातली उभ्याची कामं उरका, मग सतरंजीवर या. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनीही पहिले दोन-तीन सावकाश, गुडघ्यांत किंचित वाकून घालावेत.

आणि प्लँकची लाट केवळ टूम म्हणून आलेली नाही. अमेरिकी लष्कराच्या तंदुरुस्ती चाचणीत १९८० पासून दोन मिनिटांत जास्तीत जास्त सिट-अप काढायचे असत. २०२२ मध्ये पक्क्या झालेल्या नव्या चाचणीत त्या जागी प्लँक आला.

रानफूल

डेड बग करून बघितला! उजवी टाच टेकते, डावी टेकायच्या आधीच कंबर सुटते. हे नॉर्मल आहे का?

पाऊलवाट

दोन बाजूंत थोडा फरक बहुतेकांत असतो. कमजोर बाजूपासून सुरुवात करा आणि दुसऱ्या बाजूलाही तिच्याइतकंच करा. महिन्याभरात अंतर कमी होताना दिसेल.

निळीशाई

माझं बाळंतपण होऊन सहा महिने झालेत. पोटाच्या मधोमध उभी खाच लागते आणि उठून बसताना तिथे डोंगरासारखं वर येतं. आई म्हणते पोट घट्ट बांध, मैत्रीण म्हणते प्लँक कर. मला दोन्हींची भीती वाटते.

पाऊलवाट

निळीशाई, घाबरू नका. लिनिया अल्बा मी वर सांगितली, गरोदरपणात ती ताणून रुंद होते आणि दोन्ही रेक्टस पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात त्याला. शेवटच्या आठवड्यांत तर जवळजवळ सगळ्याच स्त्रियांत ते असतं, कारण बाळाला जागा दुसरी कुठून मिळणार! बाळंतपणानंतर बरंचसं आपोआप भरून येतं, पण सहा महिन्यांनीही थोडं उरलेल्या बायका पुष्कळ असतात. तुम्ही एकट्या नाही.

घरी असं तपासा. पाठीवर, गुडघे वाकवून. एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि डोकं थोडंसं उचला. दोन्ही बाजूंच्या कडा जवळ येताना लागतील. मधे किती बोटं मावतात बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, बोटं किती खोल जातात ते बघा. तळ ताठ लागला तर दोन बोटांची फट असूनही काम चांगलं चालतं. तळ मऊ असेल आणि बोटं आत बुडत असतील तर आधी तो ताठपणा आणायचा.

सुरुवात श्वासापासून. वर सांगितला तोच फू करत सोडायचा श्वास, सोबत ओटीपोटाचा तळ हलकेच वर ओढायचा, लघवी रोखल्यासारखा. मग पाठीवर झोपून श्वास सोडत एकेक टाच जमिनीवरून सरकवायची. कुठल्याही व्यायामात मधोमध उभा फुगवटा दिसला तर तो व्यायाम सध्या तुमच्यासाठी जड आहे, सोप्या रूपावर परत या. पलंगावरून उठतानाही सरळ उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटा देऊन उठा. बाळाला घेताना वाकायच्या आधी श्वास सोडायला सुरुवात करा, हे दिवसातून वीस वेळा होतं त्यामुळे तोच सगळ्यात मोठा व्यायाम ठरतो. नुसतं बांधून स्नायू जोरकस होत नाहीत, पण आधार वाटत असेल तर सैलसर बांधायला हरकत नाही. आवळून बांधलं की दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो, ते टाळा. आणि या विषयातल्या फिजिओला एकदा प्रत्यक्ष दाखवाच, हे हाताने तपासून सांगण्यासारखं आहे. बेंबीपाशी गोळा येत असेल आणि तो दुखत असेल तर हर्निया आहे का ते डॉक्टरकडून बघून घ्या.

निळीशाई

मनापासून धन्यवाद. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. इतकं शांतपणे कुणी समजावलं नव्हतं.

सांजवारा

मूळ प्रश्न राहिलाच की! पोटाच्या व्यायामाने पोट कमी होतं की नाही?

तळटीप

त्या जागेवरची चरबी त्या जागेच्या व्यायामाने जात नाही. १९७१ चा एक साधा पण सुंदर अभ्यास आहे. टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात मोजले. खेळायचा हात स्नायूंनी भरलेला, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखीच. वर्षानुवर्षं एकच हात राबवूनही! २०११ मध्ये २४ जणांवरच्या एका प्रयोगात सहा आठवडे पोटाचे व्यायाम करून घेतले. पोटाची चरबी घटली नाही, स्नायूंचा दम मात्र वाढला.

पाऊलवाट

आणि दम वाढणं हेच आपल्याला हवंय. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू आकाराने फारसे वाढत नाहीत, तरी ताकद वाढते, कारण मेंदू आणि मज्जातंतू त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात. आरशात दिसत नाही, पण बादली उचलताना कळतं. म्हणूनच मी म्हणते, आरशात बघून व्यायामाचा हिशोब ठेवू नका. वहीत लिहा: साइड प्लँक गुडघ्यांवरून पावलांवर कधी गेला, डावी बाजू उजवीच्या बरोबरीला कधी आली, डेड बगमध्ये टाच कुठवर पोचली. या गोष्टी आठवड्याआठवड्याला हलतात, आणि हलताना दिसल्या की माणूस सोडत नाही.

चरबीसाठी चालणं, एकूण हालचाल, आहार आणि झोप यांकडे बघावं लागतं. मापच हवं असेल तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवायची, हे लक्षात ठेवायला सोपं. टेप बेंबीवर नको, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, आणि श्वास नेहमीसारखा सोडून मोजा.

मुक्तछंद

वडील सत्तरीच्या पुढे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जमिनीवर बसणं-उठणं जड जातं. त्यांच्यासाठी यातलं काही?

पाऊलवाट

नक्की आहे. प्लँक भिंतीशी उभं राहून करता येतो: कोपरं भिंतीला टेकवून पावलं थोडी मागे, डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. सोपं वाटलं की भक्कम, न सरकणाऱ्या टेबलाच्या कडेवर हात ठेवून. बर्ड-डॉग उभ्याने, खुर्चीची पाठ धरून, एका वेळी एकच पाय मागे. आणि एका हातात हलकी पिशवी घेऊन घरातल्या घरात ताठ चालणं, मग हात बदलणं. या वयात माझ्या दृष्टीने याच्याइतका उपयोगी पोटाचा व्यायाम दुसरा नाही.

रक्तदाब असेल तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: श्वास कोंडायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणभर खूप चढतो. धरून ठेवताना त्यांना मोठ्याने आकडे म्हणायला सांगा, बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. नियमित केलेल्या धरून ठेवण्याच्या व्यायामाने एरवीचा रक्तदाब उतरायला मदत होते, असं २०२३ च्या एका मोठ्या आढाव्यातही दिसलंय. पण गोळी चालू असताना सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. जांघेत फुगवटा असेल, आधी हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल, तर तेही त्यांना सांगा.

मुक्तछंद

आकडे म्हणण्याची युक्ती त्यांना आवडेल, शिक्षक होते ते. आज संध्याकाळी भिंतीपाशी उभं करतो.

गवतफुला

कर्ल-अप हात कमरेखाली ठेवून केला. क्रंच शेकड्यांनी काढणारा मी, सहाव्या वेळी पोट थरथरायला लागलं! ढब चुकतेय की असंच व्हायला हवं?

पाऊलवाट

थरथर चालेल. मानेत ताण आला तर मात्र थांबा, त्याचा अर्थ हनुवटी छातीकडे चालली आहे. जीभ टाळूला लावून करा, मान मोकळी राहते. आणि सोपं वाटायला लागलं की कोपरं जमिनीवरून उचलून करून बघा.